बेंबीतले दोन थेंब

दीपमाला दवाखान्यात कामाला आहे म्हटलं की बार्शीटाकळीत लोक विचारतात, डॉक्टर का नर्स? दोन्ही नाही म्हटलं की चेहरा पाडतात. तिचे वडील संघपाल माझे शेजारी. पोरगी बायोमेडिकल इंजिनियर आहे हे समजावून समजावून तो माणूस थकला. आता ‘मशीनची डॉक्टर’ म्हणतो आणि मोकळा होतो. मला मात्र त्या पोरीचं भारी कौतुक आहे, आणि ते मी हातचं राखून करणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात माझी बहीण भागीरथा हिची नात दीपमालाच्याच अकोल्याच्या दवाखान्यात दिवस भरायच्या आधीच जन्मली. एवढासा जीव. तिला ऊब देणाऱ्या मशीनखाली ठेवलं. पोटावर चिकटपट्टीने एक तार लावलेली असते; बाळ किती गरम आहे ते तारेवरून मशीनला कळतं आणि ते तेवढीच ऊब देतं. पण ते मशीन शिट्ट्या मारायला लागलं. पोरगी तापून लाल झालेली आणि पडद्यावर मात्र ती थंड. सिस्टरनी तिला लगेच बाजूला घेतलं, पट्टी बदलली, तार बदलली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुसरं मशीन रिकामं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हे सुधरलं नाही तर नागपूरला हलवावं लागेल. भर मे महिन्यात तेवढा रस्ता त्या जिवाला झेपला नसता, हे बाळाच्या आईला, माझ्या भाचीला जयवंताला, कोणी सांगायची गरज नव्हती. ती नुसती रडत होती.

दीपमाला आली. आता ही मशीन खोलत बसेल असं मला वाटलं. तिने तार स्वतःच्या तळहाताला लावून पाहिली. मशीन बरोबर चाललं. मग सिस्टरनी काढलेली पट्टी बोटांत चोळली, वास घेतला आणि सरळ भागीरथाजवळ जाऊन बसली.

“आजी, लेकराले तेल लावलं काय?”

भागीरथाने तोंड फिरवलं. आमची बहीण पोलिसालाही दाद देणारी नाही.

“मी रागावून नाही राहिली. मले फक्त सांगा.”

“बेंबीत दोन थेंब सोडले,” भागीरथा हळूच म्हणाली. “दूध पाजाले आणलं तवा. बेंबी कोरडी पडली तं पोट दुखते लेकराचं.”

तेलावर पट्टी टिकत नव्हती. वरून लागलेली दिसायची, पण खाली तार पोटापासून सुटायची आणि मशीन हवेलाच बाळ समजून तापत सुटायचं. दुसऱ्या कोणी म्हातारीला फैलावर घेतलं असतं. दीपमालाने तिचा हात धरला.

“आजी, लेकराले बोलता येत नाही ना? ते या तारेतून सांगते, मले थंडी वाजून राहिली, मले गरम होऊन राहिलं. तेलानं त्याचं तोंडच बंद होते.”

पोट पुसलं, नवी पट्टी लागली, मशीन शांत झालं. संध्याकाळपर्यंत दीपमाला तिथून हलली नाही. नागपूरची गाडी रद्द झाली.

नात घरी येईपर्यंत भागीरथा त्या वॉर्डाच्या दाराशीच बसून असायची. एक दिवस कोण्या बाळाची आजी पिशवीत तेलाची बाटली घेऊन आली, तर हिने तिला दारातच अडवलं.

“बाई, तेल रायू दे. तिथं लेकरं बोलतात, आन आमची दीपमाला आयकते.”