सकाळची हजेरी

ती घटना विसरलो असतो तर बरं झालं असतं. पण ती आजही आठवते. मी सातवी पास. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. लिहिण्याची सवय केस डायरीपुरती, तेव्हा इथे सजावट शोधू नका. नाव कोणाचंच देणार नाही.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. मी पवनी तालुक्यात हवालदार होतो. आमच्याकडे लोक जमादार म्हणतात. कोंढ्याकडच्या एका शेतकऱ्यानं धानाच्या बांधीशेजारी हिरवी जाळी ताणून व्हॅनिलाचे वेल लावले होते. तो आणि त्याचा साळा, दोघं दक्षिणेत जाऊन ते शिकून आले होते. गावातले लोक हसायचे. धान सोडून आइस्क्रीमचा वास पेरून राहिला म्हणायचे.

या वेलाची एक खोड आहे. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मरतं. त्यावर बसणारी माशी आपल्याकडे नाही. तेवढ्या वेळात माणसानं काट्यानं फुलातला पडदा उचलून पराग दाबला तर शेंग धरते, नाही तर फूल गळून पडतं. शेंग तयार व्हायला आठ-नऊ महिने. हे काम मालकाला जमलं नाही, साळ्यालाही नाही. जमलं ते बौद्ध वस्तीतल्या एका बाईला. ती त्याच्याकडे निंदणाला यायची. बाभळीच्या काट्यानं ती सकाळभरात सगळे वेल उरकायची. शेंग बोटाएवढी झाली की त्याच काट्यानं तिच्यावर तीन टोचे मारायची, खूण म्हणून. ते व्रण शेंगेवर कायम राहतात.

माघात मालक ठाण्यात आला. तोडणीला आलेल्या शेंगा कोणीतरी नेल्या होत्या. वेलावर नवी फुलंही तेव्हाच सुरू झाली होती. गुन्हा नोंदवला, घटनास्थळाचा पंचनामा केला. जाळी फाटलेली नव्हती, एकही वेल ओढलेला नव्हता. काम माहितगाराचं होतं. संशय कोणावर, असं विचारलं तर मालकानं बाईचं नाव घेतलं. विचार करायला क्षणभरही थांबला नाही. वर माझ्या खबऱ्यानं सांगितलं की तिच्या घरातून गोड वास येतो. मला तेवढं पुरलं.

घरझडतीत एका डब्यात काटे सापडले. दुसरं काही नाही. वास होता तो सुकवलेल्या मोहफुलांचा. मी तो लहानपणापासून ओळखतो. तरी पंचनाम्यात लिहिला नाही.

बाईमाणसाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. म्हणून मी माझी नेहमीची युक्ती केली. रोज सकाळी सातला हजेरी, महिला शिपायासमोर बाकावर बसायचं, दुपारी दोनला घरी जायचं. माणूस चार दिवसांत बाकावरच नरम पडतो, असा माझा अनुभव.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "साहेब, मले सकाळी नोका बलावू. दुपारी बलवा, अंधार पडेपर्यंत बसवा. सकाळी फुलं रायते."

"ठाणं तुझ्या फुलांवर चालत नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तिनं तेच मागितलं. तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं, नाटक आहे. तिकडे मालक स्वतः काटा घेऊन उभा राहिला आणि फुलं फाडून बसला. बाकीची दुपारी गळाली.

चौथ्या दिवशी मी आवाज चढवला. घरात वास कशाचा होता ते सांग म्हटलं. तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं.

"हिरव्या शेंगेले वास नसते साहेब. ज्यानं नेल्या त्याले आधी गरम पाणी लागन, मंग घोंगडी लागन, ऊन लागन. मंग कुठं वास सुटते. माह्या घरी घोंगडं हाये का, ते तुमीच पाहून गेले न?"

तिच्या घरी एक फाटकी गोधडी होती. 

शेंगेतून वास काढायचं हे काम कोणाला येतं? शिकून आलेल्या दोघांना. साळ्याचं घर आंधळगावला. तिथली हद्द दुसऱ्या ठाण्याची, म्हणून आधी तिथे नोंद केली, पंच घेतले आणि भर दुपारी दारात उभे राहिलो. अंगणात चार घोंगडी गुंडाळून उन्हात ठेवली होती. एक उलगडलं आणि असा वास आला की पंच मागे सरकला. शेंगा तपकिरी पडत चालल्या होत्या. प्रत्येकीवर तीन टोचे.

साळ्यानं तिथेच कबूल केलं. शिकलो दोघं, नाव मात्र भाटव्याचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं झालं, एवढंच त्याचं म्हणणं.

खूण पटवायला बाईलाच बोलावलं. तिनं पटवली, जबाबाखाली अंगठा दिला आणि गेली. मी जबाब फायलीला लावला. पुढे मालकानं घरचा मामला म्हणून कोर्टात तडजोड केली. साळा त्याच्याच ओसरीवर पुन्हा जेवायला बसू लागला. गावाच्या लेखी बाई मात्र ठाण्यावर बसवलेली ती बसवलेलीच राहिली. गावच्या बायका तिला कामाला सोबत नेईनात. लाखोरी डाळीचं पीक उपटायला ती एकटी दुसऱ्या गावी जायची.

पुढच्या फुलोऱ्याला मालक माझ्याकडे आला. "जमादार साहेब, तुमी सांगा तिले. तुमचं आयकन." त्याचं दोनदा ऐकलं नव्हतं तिनं. मी गेलो, गणवेशातच. सकाळची वेळ होती. ती विळा घेऊन निघाली होती. मालकानं फुलांच्या कामाला बोलावलंय, हा निरोप मी सांगितला. तिनं पूर्ण ऐकून घेतला.

"सकाळी मले काम रायते साहेब," ती म्हणाली. "दुपारी या."

आणि निघून गेली.

त्या तपासाबद्दल माझ्या सेवापुस्तकात चांगला शेरा आहे. चोर सुटका मागतो. कामाची वेळ मागणारा चोर मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. हे मला तीन सकाळी समोर बसून कोणी सांगत होतं आणि मी घड्याळ पाहत होतो. वेल पुढच्या वर्षीही रिकामे गेले, मग मालकानं उपटून टाकले.

तिनं बोलावलं होतं. कदाचित बसवलंही असतं. पण मी ताठ माणूस. दुपारी गेलो नाही.