मेंढरांपायी एक डाव

"मला न्हाई जमायचं, टॉर्किल. उभ्या जन्मात ती काठी मी फकस्त मेंढा हाकलाय उचललीया. आन् तू म्हनतोस, खेळ."

"मंग नगं खेळूस. मेंढरं इकून टाक आन् बस हितं माझ्याशेजारी. दोघं मिळून खिडकीतनं समुद्र बघू."

"तू गप बस. तुझं हाड मोडलं म्हनून तर ही येळ आली."

मर्डिना चुलीपुढं वाकून बाटलीतलं दूध गालाला लावून बघत होती. चुलीच्या उबेला खोक्यात एक पोरकं कोकरू पडलेलं. पाय काड्यांसारखे, तोंड मात्र भसाड्या बाईसारखं सतत उघडं. मर्डिनानं बाटली त्याच्या तोंडात कोंबली आणि दुसऱ्या हातानं डोळे चोळले. मेंढरांची वीण सुरू होऊन पंधरवडा झाला होता. ह्या दिवसांत आमच्या हॅलनिश गावात कुणी नीट झोपत नाही, पण पूर्वी त्या घरात दोन माणसं आळीपाळीनं जागायची. आता टॉर्किल, तिचा धाकटा भाऊ, खुर्चीत पाय लांब करून बसलेला. माघात त्यांच्याच थोरल्या मेंढ्यानं त्याला मागनं अशी धडक दिली की मांडीचं हाड मोडलं. स्टॉर्नोवे शहरातल्या दवाखान्यात लोखंड घालून त्याला परत पाठवला. मेंढा मात्र ठणठणीत.

दोघांनीही लग्नं केली नाहीत. का, ते आता त्यांनाही आठवत नसावं. आईबाप गेले, घर राहिलं, मेंढरं राहिली.

मी उंबऱ्यात उभा होतो. माझं घर त्यांच्या कुंपणाला लागून. माझी मेंढरं मी कधीचीच विकून टाकली, नुसते बटाट्याचे वाफे करतो. म्हणून खेळाच्या काठ्यांची थैली उचलायला मी मोकळा होतो.

आमच्या गावाला समुद्राकडचा जो माळ आहे, वाळूवर उगवलेल्या आखूड गवताचा, त्याच्यावर नऊ गली आहेत, म्हणजे जमिनीत कोरलेली वाटीएवढी भोकं. चेंडू काठीनं मारत मारत एकेका गलीत घालायचा, हा खेळ. माळ मूळचा मेंढरांचा. आजोबांच्या काळी खेळणाऱ्यांनी तो मागितला, मेंढरंवाल्यांनी दिला, आणि दोन्हीकडच्या शहाण्यांनी एक करार करून ठेवला. माळावर काहीही बदल करायचा तर मेंढरंवाल्यांची संमती पाहिजे. पण संमती द्यायचा हक्क कुणाला? ज्याच्या घरातलं कुणीतरी वर्षभरात एक पुरा डाव, नऊच्या नऊ गली, खेळणाऱ्यांच्या मंडळाच्या प्रमुखासमोर खेळलंय, त्याला. गंमत म्हणून केलेली अट असणार. दोन्हीकडच्यांनी एकमेकांचं तोंड वर्षातनं एकदा तरी बघावं, एवढाच हेतू. आता मेंढरंवालं एकच घर उरलं होतं. टॉर्किल दर वर्षी वसंतात एकदा जाऊन खेळून यायचा, कुरकुरत, शिव्या देत. ह्या वर्षी तो उठूच शकत नव्हता.

आणि नेमकं ह्याच वर्षी मंडळानं ठरवलं होतं, मेंढरं माळावरनं काढायची. बाहेरचे पाहुणे येतात, जर्मन येतात, अमेरिकन येतात, त्यांच्या पांढऱ्या बुटांना लेंड्या लागतात. शनिवारी संध्याकाळी सभा. त्या दिवशी दुपारपर्यंत डाव झाला नाही तर मर्डिनाला तोंड उघडायचा हक्क नाही, मंडळ आपलं ठरवायला मोकळं. माळ गेला की मागं राहतो तो नुसत्या खडकाचा डोंगर. त्याच्यावर निम्मी मेंढरंसुद्धा जगायची नाहीत.

"ऐक," टॉर्किल म्हणाला. "वाऱ्याशी भांडू नगंस. चेंडू वर उडवलास की वारा त्येला खाडीपार नेतो. खाली ठेव. लोळव. कोंबडी हाकल्यागत."

"कोंबडीला पाय असत्यात."

"आन् एक. गलीत पडंपर्यंत चेंडूला हात लावायचा न्हाई. हात लागला की डाव मोडला. समदं ग्येलं. ध्यानात ठिव."

त्यानं हे तिला चिडवायला म्हटलं होतं की खरंच त्याला तसं वाटत होतं, हे मला आजही सांगता यायचं नाही. तिनं मात्र ते खरं धरलं.

शनिवारी सकाळी माळावर लॅकलन उभा होता, तोंड वाऱ्याच्या उलट करून. तो ह्या वर्षीचा मंडळाचा प्रमुख. गावातला पेट्रोल पंप त्याचा. पाहुणे वाढले तर त्याच्या पंपाला बरं, हे त्यानं कधी लपवलं नाही. पण माणूस वाकडा नव्हे. शाळेत मर्डिना आणि तो एका बाकावर बसायचे आणि ती त्याची भाकरी खायची, असं तो सांगतो. ती म्हणते, तोच द्यायचा, त्याच्या आईला भाजायला यायचं नाही.

"अक्का, रातीला झोपलीस का?" त्यानं विचारलं.

"तू झोपलास न्हवं? मंग झालं."

तिच्या अंगावर टॉर्किलचा जुना निळा डगला होता. ह्या डगल्याचे खिसे म्हणजे एक संसार. सुतळी, चाकू, कोकरांची शेपटी गळून पडावी म्हणून तिला लावायच्या रबरी कड्या, अर्धी बिस्किटं. आणि चेंडू. चाळीस वर्षं मेंढरांमागं फिरताना गवतात हरवलेला चेंडू दिसला की तिनं वाकून उचलायचा आणि खिशात घालायचा. फाटकापाशी फळीवर ती अंड्यांची खोकी ठेवते, पाहुण्यांनी डब्यात पैसे टाकून अंडी न्यायची. त्याच्याच शेजारी तसल्याच खोक्यात चेंडू. एकदा एका पाहुणीनं न बघता घरी नेऊन उकळले म्हणतात. टॉर्किलची गोष्ट ही, खरी असेलच असं नाही.

पहिला फटका तिनं कुंपणाचा खुंट ठोकतात तसा मारला. काठी जमिनीत रुतली, चेंडू जागेवर. लॅकलन समुद्राकडं बघू लागला. दुसऱ्यांदा चेंडू गेला, पण माझ्या अंगावरनं मागं. तिसऱ्यांदा तिनं टॉर्किलचं ऐकलं. वाकली, हलकेच ढकलला. आखूड गवतावरनं तो असा लोळत गेला की कुठं थांबायचं हे त्याचं त्यालाच सुचेना.

"कोंबडी ग्येली बघ," ती म्हणाली. हसली नाही. हसायला लागणारी ताकद तिनं कुठंतरी दुसऱ्या कामाला राखून ठेवली असावी.

असं करत करत आम्ही निघालो. वारा पुढनं यायचा, मग कडेनं, मग पुन्हा पुढनंच. डोक्यावर चंडोल ओरडत होता. टिटव्या आमच्यावर झडपा घालत होत्या, त्यांची अंडी गवतात होती. मर्डिना त्या अंड्यांना बरोबर वळसा घालून चालायची आणि चेंडूही तसाच मारायची, त्यामुळं एकेका गलीला आम्हाला जरा जास्तच वेळ लागला.

तिसऱ्या गलीपाशी तिचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. हे खड्डे मेंढरांनीच केलेले, वारा चुकवायला बसून बसून. आत तिचीच एक काळतोंडी मेंढी जुळी पाजत होती. चेंडू तिच्या पोटाशी.

"हाकल तिला," लॅकलन म्हणाला.

"पितीत की रं ती. पिऊ दे."

मग आम्ही तिघं खड्ड्याच्या काठावर बसलो. लॅकलननं पाईप पेटवायचा प्रयत्न केला, वाऱ्यानं पेटवू दिला नाही. मर्डिना बसल्या बसल्या डुलायला लागली. मान एकदम खाली जायची, मग झटक्यानं वर. लॅकलननं माझ्याकडं बघितलं. कोकरांचं पिऊन झालं, मेंढी उठून गेली, तरी त्यानं तिला मिनिटभर डुलू दिलं. मग खाकरला.

"अक्का. तुझा फटका."

त्या खड्ड्यातनं ती कशी निघाली ते सांगण्यात अर्थ नाही. वाळू खूप उडाली.

पाचव्या, सहाव्या गलीपर्यंत तिच्या चालण्यातला जीव गेला. हात मात्र सुधारले. चेंडू आता जिथं पाठवायचा साधारण तिथं जात होता. सातव्याला तर तिनं असा एक फटका मारला की लॅकलनच्या तोंडनं "आयला" निघून गेलं. चेंडू टेकाडाला लागला, त्याच्या पाठीवरनं सरकला आणि पलीकडं दिसेनासा झाला.

आम्ही टेकाड चढून गेलो. पलीकडं मेंढरं चरत होती, आणि त्यांच्यातली एक जरा बाजूला, मान खाली घालून पायानं जमीन उकरत उभी होती. मर्डिनाची नजर तिच्यावर गेली ती गेलीच. सरळ तिच्याकडं चालू लागली. जवळ जाऊन मागनं बघितलं, पोट चाचपलं, "अजून येळ हाय," असं स्वतःशीच म्हणाली आणि परत फिरली.

"चेंडू कुठाय?" लॅकलननं विचारलं.

तो कुणालाच दिसत नव्हता. आम्ही तिघं पांगून शोधू लागलो. लॅकलन काठीनं गवत बाजूला सारत पार पिवळ्या काटेरी झुडपांपर्यंत गेला. मीही वाकून वाकून बघत होतो. मर्डिना सगळ्यांत मनापासून शोधत होती, गुडघ्यावर बसून, हातानं गवत चाचपत. वाऱ्यानं तिच्या नाकाला पाणी आलं. रुमालासाठी तिनं खिशात हात घातला. आणि तसाच ठेवला.

मी चार पावलांवर होतो. तिचा चेहरा मला दिसत होता. चाळीस वर्षांची खोड. त्या मेंढीकडं बघत चालताना पायापाशी काहीतरी पांढरं आलं आणि हातानं आपलं काम केलं, तिला न विचारता.

लॅकलनची आमच्याकडं पाठ होती. ती नुसती बघत राहिली माझ्याकडं. हळूच हात काढून चेंडू गवतात सोडला असता तर तो तिथंच होता असं कुणीही म्हटलं असतं. मीही म्हटलं असतं. मेंढरं आमच्या भोवती चरत होती, त्यांना कशाचं काय.

"लॅकी," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण वारा त्याच्याकडंच वाहत होता. "हिकडं ये. माझ्या खिशात हाय त्यो."

तो आला. तिनं हात उघडून दाखवला. चेंडूला सुतळी अडकलेली.

"कवा उचललास?"

"मला ठावं असतं तर उचलला असता का?" ती टेकाडाला पाठ लावून खाली बसली. "झालं. मोडला डाव. जा, सांग तुझ्या सभेला. आन् सांगताना जरा दमानं सांग, मला थोडं बसू दे."

लॅकलन उभा राहिला. मान खाजवली. समुद्राकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं, आपल्या बुटांकडं बघितलं. त्याला काय पाहिजे होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि ते त्याच्या हातात आयतं आलं होतं.

"डाव मोडत न्हाई," तो शेवटी म्हणाला, जरा रागानंच. "कोन म्हनलं मोडतो म्हनून?"

"टॉर्किल."

"टॉर्किलला काय कळतंय? त्यो आठ गलींत मोजायचं इसरतो. चुकून उचलला तर एक फटका जास्ती धरायचा आन् होता तितं ठेवायचा."

"कुठं हुता ते कुनाला ठावं?"

"अंदाजानं ठिव."

"आन् मंग चालतं?"

"चालतं. नियमच हाय तसा. मी काय तुझ्यावर उपकार करीत न्हाई."

एवढा वेळ ज्याला घाबरत होतो ते असं निघालं की माणसाला बरं वाटण्याआधी थकवाच येतो. मी हात दिला तेव्हा ती उठली. टेकाडाच्या पायथ्याशी बोट दाखवलं, "हितंच असंल," म्हणाली, आणि चेंडू ठेवला. लॅकलननं मान डोलावली.

उरलेल्या गली तिनं कशाबशा ओढल्या. शेवटचा चेंडू गलीत पडला तेव्हा तिनं वाकून तो काढला, डगल्याला पुसला आणि खिशात टाकला. आता चालत होतं.

"संध्याकाळी सभेला ये," लॅकलन म्हणाला. "हक्क हाय आता तुला. वाट बघतो."

घरी जाऊन तिनं कोकराला दूध पाजलं. मग एक बूट काढला. दुसऱ्या बुटाला हात घातला आणि खुर्चीतच झोपली, हात बुटावर. टॉर्किल समोर बसून होता, त्याचाही डोळा लागला. चुलीवर बटाटे कोळसा झाले. सभा झाली. मी सभेत होतो, ती मागनं येईल असं धरून, पण माझं तिथं कोण ऐकणार? तिची खुर्ची रिकामी होती, लॅकलन दाराकडं बघत होता, दोनदा उठून बाहेर डोकावून आला.

ती जागी झाली तेव्हा उजाडलं होतं आणि कोकरू केकाटत होतं. आणि तो रविवार होता.

आमच्याकडं रविवार देवाचा, त्या दिवशी कुणी खेळत नाही, वाळत घातलेले कपडेसुद्धा शनिवारीच आत घेतात. खेळाबद्दल बोलणंही बरं नव्हे. मेंढी अडली तर सोडवायची, तेवढं काम देवाला चालतं. तेव्हा सभेचं काय झालं ते तिनं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. देवळाच्या दारात लॅकलन भेटला. काळा कोट, हातात पुस्तक.

"वारा पडला," तो म्हणाला.

"पडला," ती म्हणाली.

आत जाऊन तिनं स्तोत्राची एक ओळसुद्धा मोठ्यानं म्हटली नाही. मी शेजारीच बसलो होतो. तिची बोटं सगळा वेळ कोटाच्या खिशात होती.

सोमवारी सकाळी लॅकलन कुंपणापाशी आला. ती एका कोकराच्या शेपटीला रबरी कडी चढवत होती, मी कोकरू धरलं होतं.

"आली न्हाईस ती," तो म्हणाला.

"झोपली हुते."

"ठावं हाय. सभा उठल्यावर खिडकीतनं बघून ग्येलो. बुटावर हात हुता तुझा."

"मंग काय झालं?"

"काय हुनार? डाव तू खेळलीस, माझ्यासमोर. हक्क तुझा. तू व्हय म्हनली न्हाईस, न्हाई म्हनली न्हाईस. तुझ्या संमतीबिगर तितलं एक फाटक हलवता येत न्हाई. ठेवला इषय पुढल्या सालावर."

मर्डिनानं कडी सोडली. कोकरू उडी मारून आईकडं पळालं. तिनं पाठ धरली आणि हळूहळू सरळ झाली.

"पुढल्या साली म्हंजे परत खेळायचं?"

"टॉर्किल उठला तर त्यो खेळंल."

"त्यो कसला उठतोय." तिनं माळाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "आन् तवाबी वीण असनार."

"असनार की."

"अंडी पायजेत का?"

"द्ये सहा."

"फाटकावर हायती, घे. बघून घे पर."

तो गेला. तिनं पुढचं कोकरू ओढायला वाकून हात घातला आणि मला म्हणाली, बघत काय उभा राह्यलास, धर की त्येला.