आकाराम वस्तादांचा सदरा

आकाराम वस्तादांनी उतारवयात ब्रह्मचर्य घेतलं, अशी हूल औंधात आमच्या आळीत उठली होती. पुरावा काय, तर वस्ताद बाहेर सोप्यात झोपतात आणि तालमीतसुद्धा अंगातला सदरा काढत नाहीत. हूल उठवण्यात माझाही हात होता, ते कबूल. पण वस्तादांच्या बायकोनं, साळूबाईंनी, मला दारातच झापलं, "कसलं बरमचर्य घिऊन बसलाय? लघवीची गोळी हाय ती!"

झालं होतं असं. वस्तादांचं प्रोस्टेट वाढलेलं. विट्यापर्यंत एसटीनं जायचं, तर दोनदा कंडक्टरला हात जोडावे लागायचे. सांगलीत विश्रामबागच्या डॉक्टरांनी गोळी दिली, लघवी मोकळी झाली. पण सहा महिन्यांत बाकीचं सगळं विझलं. बायकोजवळ जावंसं वाटेना, गेलं तरी अंग साथ देईना. वर छाती फुगली. सदरा नुसता घासला तरी हुळहुळायची. पैलवानाचं डोकं! वस्तादांना वाटलं, मेहनत कमी पडली, चरबी चढली. रोज तीनशे जोर मारले. छाती जागच्या जागी. मग कुणाला न विचारता गोळीच सोडली, आणि तीन महिन्यांनी लघवी तुंबली. आठ दिवस नळी.

मोटरसायकलवर बसवून मीच त्यांना विश्रामबागला नेलं. डॉक्टरांनी छाती चाचपली. गाठ नाही, गोळीचाच परिणाम, म्हणाले. "आधी का नाही सांगितलंत?"

वस्ताद फरशीकडं बघत म्हणाले, "काय सांगू? वस्तादाला थानं आली म्हणून?"

हृदय नाजूक, म्हणून ऑपरेशन नको ठरलं. गोळी पुन्हा सुरू.

येताना मला राहवलं नाही. म्हटलं, "आवं वस्ताद, जल्मभर पोरांना लंगोटाचे पक्के ऱ्हावा म्हणत आलासा. आता तुमीच झालासा की!"

हसले नाहीत. "दमलोय रं," एवढंच म्हणाले.

नागपंचमीला आखाड्याची पूजा. वस्तादानं लंगोट लावून मातीत पहिलं फावडं मारायचं आणि सदरा घालून कुणी मातीत उतरायचं नाही, हा नियम वस्तादांनीच घातलेला. ते मागं सरले असते तर तालीम त्यांच्याच जुन्या पठ्ठ्याच्या, आप्पासोच्या हातात जाणार होती. तो टपलेलाच होता. वस्ताद खांबाला धरून बराच वेळ उभे राहिले. मग एकेक बटण सोडलं, सदरा खुंटीला लावला आणि मातीत उतरले.

आप्पासोला तेवढंच पाहिजे होतं. "काय वस्ताद, औंदा धारा काढायच्या का काय?"

दोघं-तिघं फिसकन हसले. वस्तादांनी फावडं मारलं, कमरेवर हात ठेवून दम घेतला आणि म्हणाले, "गोळी खाल्ली की छाती येतीया, सोडली की मुताय हुत न्हाई. मला मुतायचं हाय, आप्पासो. तुजं हसून झालं आसंल तर ये मातीत."