‘खारं पाणी’तला ओरडणारा

कुलदीप बोलतो ते बँकेतल्या शिपायासारखं, हळू आणि नम्र. सकाळी पिकअपमध्ये वांग्यांची कॅरेटं भरताना तर तो बोलतच नाही. पण हाच माणूस माइकसमोर उभा राहिला की थंडीत डिझेल इंजिनला हँडल मारावं तसं होतं. आधी घर्र, घर्र, मग नुसतंच खर्र, आणि मग एकदम धडधडत सुटतं. मेटलवाले त्याला ग्राउल म्हणतात. त्याच्या गावात, दुसरबीडात, म्हणतात, “उकंडरावच्या पोराले काई झालं का?”

बँडचं नाव ‘खारं पाणी’, लोणारच्या सरोवरावरून. गिटारवर सुलतानपूरचा हरिओम, त्याच्याच मोबाइलच्या दुकानामागं सराव चालतो. ड्रमवर गोकुळ, लग्नसराईत वरातीपुढं वाजवणारा. आणि सुरेल गाणारी अर्पिता, मेहकरची, पुण्यात शिकून आलेली, “ॲक्चुअली” म्हटल्याशिवाय जिचं वाक्य सुरू होत नाही. यांची गाणी प्रोग्रेसिव्ह मेटल जातीची, म्हणजे लांबच लांब, आणि मधेच सात मात्रांवरून पाचावर उडी. ऐकणाऱ्यानं मान डोलवायला घेतली की तो चुकलाच.

त्यातलं सगळ्यात चांगलं गाणं कुलदीपनं लिहिलं होतं. त्याची माय रुक्मिणीबाई फाट्यावर थांबणाऱ्या एसटीच्या खिडक्यांखाली वर्षानुवर्षं काकड्या आणि पेरू विकत आली. इंजिनच्या वर आवाज चढवता चढवता तिचा गळा कायमचा बसला. आता ती बोलली की कढई खरवडल्यासारखं वाटतं. गाणं त्या गळ्याचं होतं, आणि कुलदीप ते म्हणायचाही तसंच. घरी मात्र त्यानं हे कोणाला सांगितलं नव्हतं.

“राग नको मानू कुल्या,” हरिओम एकदा त्याच गाण्याचा सराव थांबवून म्हणाला. “म्हंजे पाह्य. अर्पिता गाते तोवर लोक आयकतात. तुहा आवाज आला का गाणं बदलतात. सरावाचे व्हिडिओ टाकतो तवा मले मोबाइलवर दिसते नं, कुठं सोडलं ते.”

“तिथंच सात मात्रा सुरू होतात बे. कोनाचाबी पाय अडकन.”

“मात्रा कोनी मोजत नाई. आवाज सगळ्यायले आयकू येते.”

“ॲक्चुअली तुम्हा दोघांचंही बरोबर आहे,” अर्पिता म्हणाली. “पण कुलदीप, लोकांना शब्द कळत नाहीत.”

“ते कळासाठी हायेत का?”

“मंग लिहिले काऊन?” हरिओमनं विचारलं.

शेवटी ठरलं, पोळ्याला दुसरबीडात पारासमोर हेच गाणं वाजवायचं. लोक थांबले तर कुलदीप बँडमध्ये गाणार. उठून गेले तर सगळं गाणं अर्पिताचं. जागा कुलदीपनंच निवडली. परगावचं कोणी उठेल, आपलं गाव उठणार नाही, असा त्याचा हिशेब.

पोळ्याला सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या होतात. एकजण पुढं होऊन छाती फुटेस्तोवर चार ओळी ओरडतो, आणि तो थांबला की सगळं गाव एका दमात “हर हर महादेव” म्हणतं. त्या दिवशी शंकररावांची मानाची जोडी यायला उशीर झाला. ती पुढं झाल्याशिवाय तोरण सुटेना. माणसं खोळंबली, बैल खोळंबले. कोणीतरी म्हणालं, “तवर वाजवा रे पोरायहो.”

अर्पिता गायली तेव्हा लोक बैलांची गोंडेझुली सारख्या करत होते. मग कुलदीप पुढं आला. चार ओळी ओरडला आणि श्वास घ्यायला थांबला.

“हर हर महादेव,” गाव म्हणालं.

कुलदीप दचकला. पुढच्या चार ओळी ओरडला. पुन्हा “हर हर महादेव”, आता पोराबाळांसकट. दरवर्षी झडत्या म्हणणारे रंगराव मागून ओरडले, “म्हन लेका, दम हाये तुह्यात.” सात मात्रांचं काय झालं ते गोकुळलाच माहीत. गावाच्या आवाजात तो वाहत वाहत थेट वरातीच्या ठेक्यावर पोचला. हरिओमनं गिटारवरचे हात काढून घेतले. एक गोऱ्हा दावं तोडून पळाला. माणूस मात्र एकही हलला नाही.

कुलदीप खाली उतरला तो फुलून. “गेलं का कोनी उठून?”

“नाई गेलं,” हरिओम म्हणाला. “पन गाणं कोनं आयकलं? त्यायनं झडती आयकली.”

तेवढ्यात उकंडराव आले, पोराच्या पाठीवर थाप मारत. “जबरदस्त म्हनली रे. समजली नाई, पन जबरदस्त. महादेवाचीच होती नं?”

मागं रुक्मिणीबाई होती. “घसा बसन बापू,” ती आपल्या खरवडत्या आवाजात म्हणाली. “गरम पानी पे.”

पैज कुलदीप जिंकला होता. पण आठवड्यानं त्यानंच हरिओमला सांगितलं, “अर्पिताले म्हनू दे सगळं. शब्द तरी कळतीन.”

रेकॉर्डिंग झालं. लांबी कापली, सात मात्रा सरळ केल्या, ओरडा काढला. गाणं पसरलं. चिखलीच्या कॉलेजातल्या पोरींच्या स्टेटसला ते, मेहकरच्या ब्युटी पार्लरात ते. हरिओमचं खरं ठरलं म्हणावं, तर तेही धड सांगता येत नाही. ओरडा आणि मात्रा एकाच दिवशी काढल्या, मग लोक कशानं अडकत होते ते कसं कळणार?

कुलदीपनं फाट्यावर मायच्या हातात मोबाइल दिला. तिनं गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं आणि कानाला लावून गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

“हे माहं हाये का रे?”

“हाव.”

“पोळ्याले हेच म्हनत होता तू?”

“हेच.”

“मंग सांगाव नाई का. मी आपली गरम पानी पे म्हनत बसली.” तिनं गिऱ्हाइकाच्या काकड्या तोलून दिल्या. मग म्हणाली, “पोरगी गोड गाऊन राह्यली. पन माहा आवाज असा कवा होता? तू म्हनला तसा हाये तो.”

कुलदीपनं पिकअपमागं जाऊन फोन लावला. “हरिओम, माह्या चार ओळी परत घालता येतीन का?”

“तवाच अडून बसाचं होतं बे,” हरिओम म्हणाला, आणि त्यालाही वाईट वाटत होतं हे ऐकू येत होतं. “आता लोकायले हेच पाठ झालं. चिखलीच्या कॉलेजवाल्यायनं हेच आयकून कार्यक्रमाले बलावलं.” आणि मग, “पिकअप घेऊन येशीन? स्पीकर न्याचे हायेत.”

“येतो,” कुलदीप म्हणाला.

चिखलीत सभागृह भरलं होतं. अर्पिताच्या बरोबरीनं अख्खं सभागृह गाणं म्हणत होतं, शब्दन् शब्द. कुलदीपच्या ओळी होत्या तिथं आता बासरीचा रेकॉर्ड केलेला तुकडा होता. तो सुरू झाला तेव्हा कुलदीप स्पीकरमागं खाली बसला आणि जास्तीची वायर गुंडाळू लागला. कार्यक्रम अजून अर्धा बाकी होता.