पुरवणी कार्ड

आमच्या वहिनी क्रेडिट कार्डाच्या पावतीवर मराठीत सही करायच्या. कार्डाच्या पाठीवरही तशीच होती, ठसठशीत 'सुनंदा'. दुकानातली मुलगी कार्ड यंत्रात ठेवून दांडा खर्रकन सरकवायची, कार्बनची पावती पुढे करायची आणि सही बघून गोंधळायची. "आँटी, इंग्लिश प्लीज." वहिनी कार्ड उलटं करून दाखवायच्या. "सेम आहे ना? मग झालं."

नव्वदच्या दशकात मी सिंगापूरला पीएचडी करत होते. वुडलँड्समध्ये वहिनींच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्यानं घेतली होती. त्यांचे मिस्टर, म्हणजे दादा, जहाजावर इंजिनियर. वर्षातला बराच काळ समुद्रावर.

त्या दिवसांत बँकांची नुसती चढाओढ लागली होती. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, स्टेशनांबाहेर त्यांची पोरं टेबलं मांडून बसायची; फॉर्म भरला की प्रवासी बॅग फुकट. वहिनींचं कार्ड मात्र दादांच्या कार्डाला जोडलेलं होतं, सप्लिमेंटरी. त्या त्याला पुरवणी म्हणायच्या. "मूळ उत्तरपत्रिका जहाजावर, पुरवणी माझ्याकडे."

एकदा सांगलीहून वहिनींच्या माहेरचा फोन आला, वडील अत्यवस्थ आहेत. दादांचं जहाज भर समुद्रात, संपर्क होईना. वहिनींनी त्या कार्डावर विमानाचं तिकीट काढलं आणि लगेच निघाल्या. वडिलांची भेट झाली. तेरावं करूनच परतल्या.

नंतर कुठल्याशा बंदरातून दादांचा फोन आला. मला फक्त वहिनींचं बोलणं ऐकू येत होतं. "विचारणार कुणाला होते?" मग, "माझे वडील होते ते." आणि फोन ठेवल्याचा आवाज.

काही दिवसांनी आम्ही दोघी कुकर घ्यायला लिटिल इंडियात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं बँकेला फोन लावला, ऐकून घेतलं आणि खणातून कात्री काढली. "सॉरी लाह, आँटी. बँक म्हणते कापायचं." दादांनी ते कार्ड बंद करायला सांगितलं होतं. मागे रांग खोळंबली होती. मी पर्स उघडायला गेले तर वहिनींनी माझा हात धरला आणि कुकर स्वतः नेऊन फळीवर ठेवला. बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, "बी.कॉम. झालेय गं मी. विसरलेच होते."

बुकित तिमाहच्या एका शाळेच्या ऑफिसात त्यांना नोकरी मिळाली. स्टेशनबाहेरच्या टेबलावर त्यांनी कार्डाचा फॉर्म मागितला. तिथला तरुण म्हणाला, "पगार कमी पडतो, मॅडम. मिस्टरांच्या कार्डावर सप्लिमेंटरी घ्या ना, पटकन मिळेल." वहिनी फॉर्म तिथंच ठेवून घरी आल्या. पुढे पगार वाढला, कार्ड आलं. त्या आनंदात त्यांनी मला डोसा खायला नेलं, तर तिथं कार्डच चालत नव्हतं! आम्ही पोट धरधरून हसलो आणि रोख पैसे दिले.

दादा सुट्टीवर आले ते पुरवणी कार्डाचा नवा फॉर्म भरूनच. जेवताना त्यांनी तो वहिनींच्या ताटाशी सरकवला. "फक्त सही कर."

"राहू द्या. माझं आहे माझ्याकडे."

दादा बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "चुकलं माझं."

"हो," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना आमटी वाढली.

पुढे पीएचडी संपली, मी परत निघाले. विमानतळावर वहिनींनी हातात लाडवांचा डबा दिला आणि म्हणाल्या, "नोकरी लागली की आधी एकटीच्या नावावर खातं उघड. लग्न मग."

मी तसंच केलं. लग्नानंतर बँकेतल्या साहेबांनी सुचवलं, जॉइंट करून टाका, सोयीचं पडेल. मी अजून केलेलं नाही.