चष्मेवालीचे ‘हे’

चष्म्याच्या दुकानात आतल्या बाजूला एक टेबल असतं. तिथे बसणाऱ्या माणसाकडे गिऱ्हाइकाचं लक्ष कधी जात नाही. या दुकानात त्या टेबलाशी तेवीस वर्षं एक बाई बसत होती. काडी सैल झाली, काच हलली, की फ्रेम तिच्याकडे. तिळाएवढे स्क्रू ती बोलता बोलता बसवायची. “आमच्या चष्मेवालीचा हात म्हणजे हात आहे,” असं मालक चारचौघांत सांगायचा.

अलीकडे तोच हात कापायला लागला होता. मालक भला माणूस, बोलला काही नाही. पडलेले स्क्रू उचलायला त्याने दोरी बांधलेलं एक लोहचुंबक गुपचूप तिच्या टेबलावर आणून ठेवलं. ते तिला शिवीपेक्षा जास्त लागलं. मग एका म्हातारीच्या चष्म्याची काच तिच्या हातून तडकली, तेव्हा मात्र तो म्हणाला, “महिनाअखेरपर्यंत थांबतो. हात असाच राहिला तर मला दुसरं माणूस शोधावं लागेल.”

दारू घरात आली ती अगदी साळसूदपणे. आईच्या खोकल्यासाठी ब्रँडी, दिवसाला दोन चमचे. आईच्या दुखण्यात हिचं लग्न राहून गेलं, मग आईही गेली आणि बाटली तेवढी उरली. रिकाम्या घरात संध्याकाळी दोन चमचे हिने घेतले. पुढे चमचा कशाला, म्हणून कप. आता दारू असायची आईच्या शेकायच्या रबरी पिशवीत. लपवायची कुणापासून, हा प्रश्नच होता. घरात बघायला पालसुद्धा नव्हती.

दवाखान्याच्या भिंतीवर दारू सोडणाऱ्यांच्या सभेचा कागद लावलेला होता. लिहून घेताना कोणी बघेल म्हणून तिने नंबर पाठ केला. फोनवर ती “दारूबद्दल…” एवढंच म्हणाली आणि अडखळली. पलीकडचा माणूस मायेने म्हणाला, “समजलं, ताई. यजमान यायला तयार नसतील तर तुम्ही एकट्या या. घरच्यांची सभा वेगळी असते. शनिवारी पाचला, वाचनालयाच्या मागे, पहिला मजला.” ती “बरं” म्हणाली.

वाचनालयाच्या मागे तीन जिने होते आणि एकावरही पाटी नव्हती. खाली सायकल दुरुस्त करणाऱ्याला तिने विचारलं, “इथे शिवणक्लास कुठे आहे हो?”

“शिवणक्लास नाही इथे,” तो चाकातून मान वर न काढता म्हणाला. “दारूवाल्यांची सभा आहे, मधल्या जिन्याने.”

चोराच्या मनात चांदणं. ती रस्त्यावरून दोन फेऱ्या मारून आली आणि मगच जिना चढली.

वर समोरासमोर दोन दारं होती. कुठलं आपलं, हे ठरवायच्या आत एका मास्तरीणबाईंनी तिला उजवीकडच्या खोलीत नेलंसुद्धा. आत सगळ्या बायका. “यजमान पलीकडे आलेत का?” बाईंनी विचारलं.

“नाही. आमचे हे येत नाहीत,” ती म्हणाली.

‘आमचे हे’! जन्मात पहिल्यांदा तिने ते शब्द उच्चारले, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडले.

पुढचे दोन शनिवारही ती त्याच खोलीत गेली. ‘ह्यांचं’ सगळं सांगितलं, आणि ते अक्षर न् अक्षर खरं होतं, फक्त माणूस वेगळा. शेकायच्या पिशवीचं ऐकून बायका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “आमच्यांना सांगू नका हो ही युक्ती!” एकजण म्हणाली. कुणी तिच्या पाठीवरून हात फिरवला. किती वर्षांनी कुणाचा तरी हात लागला होता! चहा मात्र ती दर वेळी नको म्हणायची. कप काठोकाठ भरलेले असत आणि तिच्या हातात बशी वाजली असती.

घरी पिशवी होतीच. औषध बायकोने घेतलं तर नवऱ्याला गुण कसा यावा?

तिसऱ्या शनिवारी मास्तरीणबाई म्हणाल्या, “सकाळी त्यांचे हात कापतात ना? रागावू नका. नुसते हातात धरून बसा. मी तेच केलं.”

सोमवारी सकाळी ती पलंगावर बसली आणि डाव्या हाताने उजवा हात धरला. धरणारा हातही तेवढाच कापत होता. ती बराच वेळ तशीच बसून राहिली आणि मग ढसाढसा रडली. ऐकायला कोणी नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बाईंनी दारातच विचारलं, “धरलेत का हात?”

“धरले. पण दोन्ही कापत होते.”

बाईंना आधी कळेना. मग त्यांची नजर खाली तिच्या हातांवर गेली आणि तिथेच थांबली. तिच्या मनात आलं, अजून एखादी थाप मारता येईल. या बायका, ही खुर्ची, हे ‘हे’, सगळं राहील. फक्त हात जाईल.

ती वळली आणि समोरच्या दारातून आत गेली. आत दहा-बारा पुरुष बसले होते.

“ताई, घरच्यांची खोली समोर,” दाराजवळचा एकजण उठत म्हणाला.

“मी तिथूनच आलेय. मला नवरा नाही. पिते ती मीच.”

कुणी हसलं नाही. कुणी जवळही सरकलं नाही. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, दोन्हीकडच्या खुर्च्या रिकाम्या. समोरच्या खोलीतून बायकांचं हसू ऐकू आलं आणि कधीच नसलेल्या त्या नवऱ्यासाठी तिच्या पोटात तुटलं.

एक म्हातारा चहाची किटली घेऊन ओळीने येत होता. ती सवयीने “नको” म्हणणार होती, तेवढ्यात तिला शेजारच्या ओळीतले कप दिसले. सगळे अर्धेच भरलेले, आणि बशी एकालाही नव्हती. म्हाताऱ्याने तिलाही काही न विचारता अर्धा कप ओतून दिला.

तिने तो दोन्ही हातांनी धरला. चहा हलला, पण सांडला नाही.