रॅम्पचे अठ्ठावीस दिवस

"मापात सांगा," असं ते कुणालाही म्हणायचे. ऊन फार आहे म्हटलं तरी, भूक लागली म्हटलं तरी. बरकतपुऱ्यातले आमचे शेजारी. बांधकाम खात्यातली सुपरवायझरची नोकरी संपली, पण खिशातला टेप काही सुटला नाही. तुमच्याही गल्लीत असे एक काका असतीलच.

काकूंना अर्धांगवायू झाला आणि त्या चाकांच्या खुर्चीत आल्या. घराला तीन पायऱ्या. काकूंचं मागणं एवढंच, की गेटपर्यंत जायचं आणि दारावर येणाऱ्या बंडीवरची, म्हणजे हातगाडीवरची, भाजी स्वतःच्या हातानं निवडायची. काकांनी आणलेला चिगूर, म्हणजे चिंचेचा कोवळा पाला, त्यांना नेहमी जून वाटायचा.

"आम्ही गल्लीतले चौघं खुर्ची उचलून खाली ठेवतो ना," मी म्हटलं.

काका भडकले. "ती काय सिमेंटची गोणी आहे? रॅम्पवरून जाईल, मानानं."

रॅम्प झाला. पक्का व्हायला महिना गेला. मग काकांनी काकूंच्या वजनाची सिमेंटची गोणी खुर्चीत बसवली, जुन्या लुगड्यानं बांधली आणि गेटबाहेर चक्कर मारून आणली. काकू खिडकीतून बघत होत्या.

"माझ्याआधी गोणीच फिरून आली बघा," त्या म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या.

काका मात्र कपाळाला आठ्या घालून उभे. उतार दोन बोटं जास्त होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहार घेऊन रॅम्प फोडला. मिस्त्रीनं हात जोडले, "साब, मेरेकू नक्को अब ये काम."

दुसरा मिस्त्री आला, दुसरा रॅम्प झाला. त्यावर ओली गोणपाटं पडली, काका दिवसातून चारदा पाणी मारायचे. अठ्ठावीस दिवस कुणी पाय ठेवायचा नाही. मांजर चढलं तरी काठी घेऊन धावायचे.

"अहो, आज तरी?" काकू विचारायच्या.

"अजून अकरा दिवस."

बंडीवाली ओरडत यायची आणि निघून जायची. काकू चालता हात खिडकीच्या गजातून बाहेर काढायच्या. मला राहवलं नाही. "काका, सात दिवसांत चालता येतं, तुम्हीच म्हणाला होतात."

"चालता येणं वेगळं, पक्कं होणं वेगळं."

बायकोवर त्यांचा जीव होता. तिला ते स्वतःच्या हातानं भरवायचे, वेणी घालायचे, तीही सरळ रेषेत. हे सगळं मी पाहिलंय. तरी मला त्या माणसाचा संताप यायचा, आणि अजूनही येतो.

सव्विसाव्या दिवशी सकाळी काकू गेल्या. दुपारी आम्ही चौघांनी त्यांना उचलून ओट्यावर आणलं. आमची पावलं आपसूकच रॅम्पकडे वळली. काका आडवे आले. डोळे सुजलेले, धोतर ओलं.

"अजून दोन दिवस आहेत," ते म्हणाले. "पायऱ्यांवरून घ्या."

आम्ही पायऱ्यांवरून उतरलो. कुणाचा पाय घसरला नाही, कुणाला दमही लागला नाही. काकूंना गेटपर्यंत न्यायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.